शिरीषरावांचं बर्फाचं मैदान

शिरीषराव आमचे शेजारी. उइटहॉर्न या डच गावात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. त्यांच्या बायकोला, जयंतीला, झुइडास या ऑफिसांच्या भागात नोकरी लागली, तेव्हा ते तिच्या व्हिसावर आले. भोसरीच्या शीतगृहात अमोनियाच्या यंत्रांवर बावीस वर्षं काढलेला माणूस. इथे दोन वर्षं घरी बसून डच शिकला आणि पोळ्या. मग जवळच्या शहरातल्या आइस हॉकीच्या मैदानाला मेकॅनिक हवा होता, तिथे लागले.

"हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही," ते म्हणायचे, "पण बर्फ माझा."

तिथल्या यंत्रघरात जुन्या नोंदवह्या होत्या. आधीच्या मेकॅनिकांनी रोजचं तापमान लिहायचं आणि शेजारी चार शब्द. शिरीषराव शब्दकोश घेऊन त्या वाचत आणि मी मेथी निवडत असताना मला येऊन सांगत. मैदान आधी उघड्यावरच होतं. पाऊस आला की सामना रद्द. सत्त्याहत्तरला छप्पर झालं. एका अंतिम सामन्याला माणसं जिन्यावर बसली होती. पुढच्या वह्यांत मात्र रिकामी बाकडी, गळकं छप्पर, आणि 'आज क्लबची फक्त नऊ मुलं.'

गॅस महागला, त्याबरोबर मैदानाचं वीजबिल चढलं, आणि मैदान ठेवायचं की बंद करायचं, हा प्रश्न नगरपालिकेत गेला. यंत्रं तपासायला एक बाई येणार होत्या. शिरीषराव छप्पन्न वर्षांचे. ही नोकरी गेली तर दुसरी मिळणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"विचारतील तेवढंच बोल," जयंतीने बजावलं. "पाहुण्यांना मोरी दाखवतोस तसं सगळं दाखवत बसू नकोस."

"त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

त्यांनी दोन तास दाखवलं. पाइपांच्या सांध्यांत स्वतः कापून बसवलेली गास्केटं, वीस वर्षांपूर्वीच बाजारातून गेलेला व्हॉल्व्ह आणि त्याचा लेथवर करून घेतलेला जोडीदार. कॉम्प्रेसर नुसता खोकला तरी बिघाड कळतो, मीटर बघावा लागत नाही, हेही सांगितलं. बाई सगळं लिहून घेत होत्या. शिरीषराव येताना केक घेऊन आले. "थक्क झाली हो ती. एवढं जुनं यंत्र असं चालतंय म्हटल्यावर कशाला बंद करतील?"

दीड महिन्याने अहवाल आला. आमच्याच टेबलावर बसून ते एकेक वाक्य मराठीत सांगत होते. "यंत्रणा आज सुरक्षित आहे. मात्र ही सुरक्षितता एकाच कर्मचाऱ्याच्या माहितीवर आणि त्याने हाताने केलेल्या दुरुस्त्यांवर अवलंबून आहे. नगरपालिकेने हा धोका पत्करू नये."

जयंती एरवी एक टोमणा सोडत नाही. आज तिने नुसता त्यांचा चहा पुढे सरकवला.

"चुकीचं काही लिहिलेलं नाही," शिरीषराव म्हणाले. "मीच सांगितलंय सगळं."

"गॅसपायी बंद केलंच असतं त्यांनी," मी म्हटलं.

"गॅस चौदाव्या पानावर आहे, वहिनी. हे दुसऱ्या पानावर आहे."

मैदान बंद करायचं ठरलं आणि मार्चमध्ये अमोनिया काढायला एक कंपनी आली. पाइप नकाशाप्रमाणे राहिलेच नव्हते, म्हणून तीन दिवस शिरीषरावांनाच उभं केलं. तिसऱ्या दिवशी जयंती आणि मी गेलो. बर्फाखाली रंगवलेल्या लाल-निळ्या रेषा सुटून पाण्यात पसरल्या होत्या आणि गमबूट घालून शिरीषराव ते पाणी गटाराकडे लोटत होते.

"चल ना आता," जयंती म्हणाली. "बाकीचं ते करतील."

"शेवटचे दोन नळ राहिलेत. आधी कुठला बंद करायचा, हे त्यांना कळणार नाही."

त्यांनी दोन्ही बंद केले. कंपनीच्या माणसाने कागद पुढे केला, त्यावर सही केली.

आता ते घरीच असतात. जयंती अर्ज भरून देते. हल्लीची यंत्रं कॉम्प्युटरवर चालतात, असं उत्तर येतं. परवा एका ठिकाणाहून मुलाखतीला बोलावलं, तर गेले नाहीत. जयंतीने कारण विचारलं.

"ते विचारणार, तुम्हाला काय काय येतं," ते म्हणाले. "मी काय सांगू?"