रिकामी झोळी

आमच्याकडे नातीची झोळी छताच्या कडीला स्प्रिंगने टांगली होती. तिला उचललं की स्प्रिंग वर यायची आणि रिकामी झोळी बराच वेळ आपोआप खालीवर होत राहायची. रिकामा पाळणा हलू देऊ नये म्हणून बायको लगेच जाऊन ती धरायची.

"अगं, ताणताना साठलेली शक्ती बाहेर पडतेय, बाकी काही नाही," असं मी दर वेळी समजवायचो. शाळेत विज्ञानात काठावर पास झालेल्या माणसाला हे बोलायला फार आवडतं.

"त्या शक्तीला म्हणावं, बाळ आत असताना काय ते करून घे," ती म्हणायची.

एका दुपारी नातीला तापात झटका आला. मुलगा तिला झोळीतून उचलून धावला, मागोमाग सून आणि बायको. जिन्यातून बायकोचा आवाज आला, "अहो, झोळी धरा."

धरली. नात असताना ती जेवढी खाली यायची, तेवढी ओढून धरली. तेव्हा हाताला कळलं, पोरीचं वजन केवढंसं होतं ते. स्प्रिंग सारखी वर खेचत होती. घराचंही असंच असावं. ज्याच्या भाराने ते ताणलेलं असतं, त्याला उचलून नेलं की ते मोकळं होत नाही, नुसतं हेलकावत राहतं.

बाहेरच्या खोलीत फोन वाजू लागला. तो घ्यायचा तर झोळी सोडावी लागणार होती. मी धरूनच राहिलो.