अनुदान कुलपाचं

यवतच्या स्टँडवर मी शस्त्रखर्चाविरुद्धची पत्रकं वाटत होते. एका म्हाताऱ्यानं पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "खरं हाय, पर अर्धंच."

तो निवृत्त फौजी होता. पेन्शनीनंतर आफ्रिकेतल्या एका गावात जुन्या तोफगोळ्यांच्या कोठारावर नोकरीला गेलेला. कोठार सुरक्षित करायला एका श्रीमंत देशाच्या सरकारनं अनुदान दिलं होतं. त्यातून पोलादी दार, कुंपण, कॅमेरे आले.

"मग झालं की भलं, आप्पा!" मी टोमणा मारला.

"कुलूप चोरासाठी आसतं, पोरी. उन्हाला त्याचं काय? गोळे जुने, पत्र्याखाली तापून कवाबी फुटत्याल. कुंपणाला लागून शाळा हाय. म्या लिहून दिलं, गोळे निकामी करा. सायेब म्हणले, अनुदान कुलपाचं हाय."

मला संताप आला. चोरलेला गोळा उद्या आपल्यावर पडेल, म्हणून त्या श्रीमंत देशानं कुलपाला पैसे दिले. जागीच फुटला तर मरणारी पोरं दुसऱ्याची.

बोलताना तो सारखा मोबाइल बघत होता. मला वाटलं, बसची वेळ बघतोय. त्यानं मोबाइल माझ्याकडं वळवला. त्यावर त्या गावचं तापमान होतं.

"एक्केचाळीस," तो म्हणाला. "शाळा सुटायला आजून दोन तास हायत."