अकरा खांब आणि आम्ही दोघी जावा

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या घरातले दोघे भाऊ, म्हणजे आमचे हे आणि माझे मोठे दीर, नव्या कचेरीत कारकून म्हणून लागले. रेणापूर सोडून आम्ही लातूरच्या अगदी कडेला, जिथं अजून धड रस्ताही नव्हता, दोन खोल्यांचं घर केलं. दुष्काळ होता. लोकांनी जनावरं मोकळी सोडली होती. हिरवं कुठं दिसत नाही म्हटल्यावर ती रंगीत दिसेल ते खायची. एका सकाळी एक म्हैस अंगणात शिरली आणि दोरीवरचा यांचा इस्त्रीचा शर्ट कॉलरपासून खिशापर्यंत शांतपणे चघळून गेली.

मी आणि जाऊबाई हसून हसून उंबऱ्यावरच बसलो.

"हसायलात काय?" हे ओरडले. "कुंपण घालावं लागंल!"

रविवारी दोघा भावांनी बाभळीचे अकरा खांब आणले. वीतभर खड्डे केले, खांब उभे केले, त्याच काळ्या मातीची ढेकळं आत लोटली आणि वर चपलांनी नाचले. संध्याकाळपर्यंत तारही ओढली. मोठे दीर चहाची कपबशी घेऊन ऐटीत कोपऱ्याच्या खांबाला टेकले. तो खांब हळूच कलला, तारेनं दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि अख्खी रांग नमस्कार घालावा तशी आडवी झाली. दीरही आडवे. कपबशी मात्र त्यांनी वर धरलेली, चहा सांडला नव्हता! जाऊबाईंनी तोंडात पदर कोंबला, तरी हसू नाकातून बाहेर आलं.

माझे वडील नांदेडला रेल्वेत गँगमन होते. रुळाकडेच्या कुंपणाचे खांब रोवताना मी त्यांना लहानपणी तासन्‌तास बघितलं होतं. स्वतः पहार कधी धरली नव्हती, पण दुसऱ्या दिवशी भाऊ कचेरीत गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, आपणच रोवू की."

"आपण? लोक काय म्हनतील?"

"लोक टँकरपाशी भांडायलेत. बघायला हाय कोण?"

जाऊबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि पदर खोचला.

जमिनीला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडलेल्या. वरची काळी माती भरवशाची नव्हे, उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, हे वडिलांकडून ऐकलेलं. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत, चांगलं दोन हात खणलं. खड्डा रुंद नाही करायचा, खांब जाऊन भोवती पहार फिरेल एवढाच. खांबाचं बूड चुलीत भाजून काळं केलं, म्हणजे वाळवी लागत नाही. मग दगडगोटे, त्यावर ओंजळ-ओंजळ मुरूम, भांडी विसळलेलं पाणी शिंपडून. प्रत्येक थर पहारीच्या जाड टोकानं ठोकायचा, मगच पुढचा.

"किती ठोकू गं?" जाऊबाई विचारायच्या.

"आवाज ऐका. भदभद वाजलं तर कच्चं. ठण वाजलं तर पक्कं."

पहिलं ठण वाजलं तेव्हा जाऊबाई दचकल्या. मग आणखी एकदा ठोकून पाहिलं. मग उगीचच पुन्हा. एरवी सासरी हळू आवाजात बोलणारी ती बाई भर उन्हात ओरडली, "मला लई जोर हाय गं! मला कुनी सांगितलंच न्हाई!"

दिवसाला दोन खांब. हाताला फोड आले, त्यांना हळद लावायची आणि पुन्हा सुरू. स्वयंपाकाला उशीर व्हायचा, भाकरी करपायच्या, आणि कशालाही हसू यायचं. पडलेल्या कुंपणाच्या शरमेनं भाऊ तिकडं बघायचेही नाहीत, नुसतं विचारायचे, "दिवसभर काय करायलात?" आम्ही एकमेकींकडं बघायचो, की पुन्हा हसू सुरू.

सहाव्या दिवशी अकरावा खांब ठोकून होतो न होतो तोच तीच म्हैस आली. कोपऱ्याच्या खांबाला तिनं मागचा पुठ्ठा लावला आणि डोळे मिटून अंग घासायला लागली. आम्ही पहार धरून बघत राहिलो. म्हैस हलत होती, तिची शेपटी हलत होती, खांब जागचा हलत नव्हता. पोटभर घासून ती निघून गेली आणि जाऊबाईंनी माझे दोन्ही हात धरून फुगडी घातली. मातीनं माखलेल्या, केस सुटलेल्या आम्ही गरगर फिरत असताना मोठे दीर दारात आले.

"काय झालं?"

"खांब हलला न्हाई!"

त्यांनी पिशवी ठेवली, खांबाला हात लावला, मग खांदा लावला, मग यांना बोलावलं. दोघांनी मिळून ढकललं. शेवटी दीर घाम पुसत म्हणाले, "कसं केलं, तेवढं सांगा तरी." जाऊबाईंनी नवऱ्याच्या हातात पहार दिली आणि पहिल्यांदा त्यांना काहीतरी शिकवलं.

पंधरा दिवसांत उमरीच्या नणंदेचं पत्र आलं, शेळ्यांनी परस वैराण केलाय म्हणून. आम्ही पहार घेऊनच एसटीत चढलो. कंडक्टरनं विचारलं, "बाई, ही कशाला?" जाऊबाई ताठ बसून म्हणाल्या, "कामावर चाललो आम्ही."

उमरीला नणंद आधी लाजली, शेजारच्या बायका बघतात म्हणाली. दुपारपर्यंत त्या बायकाही आत आल्या होत्या, आणि "आता माझी पाळी" म्हणून भांडण लागलं होतं.