लाल समुद्राकाठचं ऊन

सिंगापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आईचे पापड कधी धड वाळलेच नाहीत. खिडकीत ताट ठेवलं रे ठेवलं की पाऊस हजर.

गेल्या सुट्टीत तिला इजिप्तला, लाल समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवर नेलं. मागे वाळवंट, पुढे निळंशार पाणी. काचेच्या तळाच्या बोटीतून तिला प्रवाळ दाखवले, रंगीत मासे दाखवले, दुसऱ्या दिवशी वाळवंटात नेऊन उंटावर बसवलं. ती प्रत्येक वेळी "छान आहे" म्हणायची आणि पुन्हा वर बघायची. मी वैतागलो. इतक्या लांब काय ऊन बघायला आलो होतो?

किनाऱ्यावर गोरी मंडळी ओळीने पहुडलेली असायची. थोडा वेळ पाठीवर, थोडा वेळ पोटावर. आईला ते बघवेना. "एवढं कडकडीत ऊन, आणि वाळत घातलंय काय, तर माणसं!"

शेवटच्या दिवशी निघायची वेळ झाली, तरी आईचा पत्ता नाही. शोधत किनाऱ्यावर गेलो, तर बाईसाहेब साडी नेसून, माझा गॉगल लावून, त्याच ओळीत आडव्या!

"आई, ऊठ. टॅक्सी आलीये."

तिने मान वळवली नाही. "थांब जरा. आत्ताशी एकच बाजू झालीये."