मायनं पाडलेलं दार

दुष्काळातला टँकर आमच्या गल्लीत शिरायचाच नाही. खड्डे असे, की ड्रायव्हर चौकातूनच हात जोडायचा. शेवटी नगरपालिकेनं ठरवलं, सिमेंटचा रस्ता करू, पण काही खर्च गल्लीनं उचलायचा. ज्याचं दार रस्त्यावर उघडतं, त्यानं दर्शनी भिंतीच्या लांबीप्रमाणे आकार भरायचा. दार नाही, तर आकार नाही.

आमच्या घराची गल्लीकडे पाठ होती. दार मागच्या बोळात. मी तेव्हा गावच्या दूध संस्थेत मापावर होतो. नगरपालिकेनं लावलेली आकाराची यादी वाचली आणि पेढे घेऊन नाचतच घरी आलो. "माय, सुटलो! यादीत आपलं नावच न्हाई. रस्ता फुकट!"

मायनं हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

"यादीत न्हाई, म्हंजी गल्लीत बी न्हाई का आपण?"

मागच्या दुष्काळात मायनं रोजगार हमीवर खडी फोडली होती. "पालीच्या रस्त्याला माझी खडी, परळीच्या रस्त्याला माझी खडी. आन् माझ्या भिंतीला लागून रस्ता जाईल, त्यात मी फुकटी?"

मोजणी सोमवारी होती. तोवर गल्लीत जे नाटक झालं, तसं मी जत्रेतही पाहिलेलं नाही. सगळ्यात लांब दर्शनी भिंत होती बागायतदाराची. जन्मभर तिच्या जोरावर मिशीला पीळ देणाऱ्या या माणसानं सगळ्यात आधी आपलं दार विटांनी बुजवलं आणि मागच्या दारानं ये-जा सुरू केली. त्याचं बघून शेजाऱ्यानं, शेजाऱ्याचं बघून पलीकडच्यानं. गवंड्याला जेवायला सवड नव्हती.

माय माझा दूध संस्थेचा बोनस पदराला बांधून त्याच्याकडे गेली. "एक दार पाडायचंय."

गवंड्याच्या हातून थापी पडली. "अवो काकू, सगळी गल्ली दारं बुजवायलीय आन् तुमी पाडायल्यात? बरं हाय न्हवं?"

"मला लई बरं हाय. तू पहार घे."

सोमवारी नगरपालिकेचा कारकून मोजायची फीत घेऊन आला. बागायतदाराच्या भिंतीला त्यानं बोट लावलं, ते आत रुतलं.

"बोट कावून घालतो बे? जुनी भिंत हाय!"

"जुनीच हाय मालक. अजून घाम यायलाय तिला."

पण नियम म्हणजे नियम. दार नाही, आकार नाही. अख्खी गल्ली सुटली. मग तो आमच्या घराशी आला. चौकट नसलेल्या नव्याकोऱ्या दारात माय धुवट लुगडं नेसून उभी. फितीचं एक टोक माझ्या हातात होतं. कबूल करतो, मी ते हळूच आत सरकवलं. मायनं मनगटावर चापट मारली.

"ताणा साहेब. बोटभर बी कमी नको."

रस्ता झाला. पहिला टँकर दिमाखात गल्लीत शिरला. दोन्ही बाजूंना नुसत्या भिंती! सगळ्या रस्त्यावर एकच दार उघडं, तिथंच ड्रायव्हरनं ब्रेक मारला. बाकीची मंडळी हंडे घेऊन मागच्या बोळात अडकलेली. बोळातून टँकरपर्यंत जवळची वाट एकच होती, आमच्या घरातून.

बागायतदार सगळ्यात पुढं. "काकू, जरा जाऊ द्या की आतनं."

"या की. चपला तेवढ्या काढा. घर हाय ते."

खांद्यावर हंडा घेऊन तो अनवाणी आमच्या चुलीपुढून गेला. त्याच्यामागं अख्खी गल्ली.

महिन्याभरात गवंडी तीच दारं परत फोडत होता. कारकून पुन्हा फीत घेऊन आला. या वेळी दुसरं टोक धरायला माय स्वतः गेली.