कुलपाची धास्ती

गल्लीत तिला सगळे कवळीबाई म्हणत. दातांचे डॉक्टर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडाचे प्लॅस्टरचे साचे तिच्याकडे पाठवत आणि ती पुढच्या खोलीत, खिडकीशी बसून, मेणात एकेक दात बसवून कवळी तयार करी. नवरा गेल्यापासून घरात दोघंच, ती आणि तिचे सासरे. सासऱ्यांना ऐकू जवळजवळ येतच नसे, पण बोलायची हौस दांडगी. "सून जगाला दात वाटते आणि मला मऊ भातावर ठेवते," असं ते आल्यागेल्याला ऐकवत.

जुने घरमालक होते तोवर भाडेकरार म्हणजे वर्षातून एकदा चहा पिता पिता केलेली सही. ते वारले आणि घर त्यांच्या पुतण्याकडे आलं. करार संपला त्याच आठवड्यात पुतण्या दारात उभा.

"ताई, महिनाअखेर खोल्या मोकळ्या करा."

"अहो, एवढ्यात कुठे जाऊ? सासरे आहेत, कामाचं सामान आहे..."

"करार संपला की हक्क संपला. नाही निघालात तर मी कुलूप बदलीन. मग बसा बाहेर."

तो गेला. त्या दिवसापासून तिने घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. भाजी शेजारीण आणून देई. तयार कवळ्या न्यायला डॉक्टरांचा माणूस येई. जिन्यावर पाऊल वाजलं की हातातली मेण कापायची सुरी थबके. दूधवाला असो की टपालवाला, तिला प्रत्येक जण कुलूपवालाच वाटे. महिनाअखेर उलटून गेली तरी कुणी आलं नाही. त्याने तर धास्ती आणखीच वाढली.

शेवटी डॉक्टरांचा फोन आला. "बाई, या कवळीला दोन्ही सुळे डावेच बसवलेत. तुमच्या हातून असं कधी होत नाही. काय झालंय काय?"

ती रडायलाच लागली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "माझ्या दवाखान्यावरच्या मजल्यावर एक वकीलबाई बसतात. आजच्या आज या."

शेजारणीला घराकडे लक्ष ठेवायला सांगून ती धावतपळत गेली. वकीलबाई बोलायला तिखट, पण कान देऊन ऐकणाऱ्या.

"भाडं थकलंय?"

"नाही हो. कधीच नाही."

"मग ऐका. करार संपला म्हणून त्याला तुम्हाला हाताला धरून बाहेर काढता येत नाही. ते सांगायचं काम कोर्टाचं. त्याने कुलूप बदलायचं नाही, पाणी तोडायचं नाही, सामानाला हात लावायचा नाही."

"म्हणजे घर माझंच?"

"छे! घर त्याचंच. कोर्टाने जा म्हटलं तर जावंच लागेल. पण आधी त्याने रीतसर नोटीस द्यायची, मग तुमचं म्हणणं ऐकलं जाणार, मग मुदत मिळणार. तोवर भाडं चुकवू नका."

जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धा मात्र घरीच अडकलेला. ती तशीच परतली, आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर तिला ड्रिलची घरघर ऐकू आली.

दारात पुतण्या उभा होता आणि कुलूपवाला गुडघ्यावर बसून कुलूप कोरून काढत होता. शेजारणीचा पत्ता नव्हता. नेमकं तेव्हाच नळाला पाणी आलं होतं आणि ती ते भरायला गेली होती.

"थांबा! आत माझे सासरे आहेत!"

"बेल वाजवली, कुणी उघडलं नाही. मला वाटलं, गेलात तुम्ही."

"त्यांना ऐकू येत नाही!"

तेवढ्यात कुलूप निखळून आत पडलं आणि दाराच्या भोकातून एक डोळा बाहेर बघू लागला. "सूनबाई, दाराला उंदीर लागलाय का गं?"

कुलूपवाल्याने ड्रिल उचललं. "साहेब, रिकामी खोली म्हणाला होतात. आत माणूस असताना मी नाही हात लावणार." पिशवी खांद्याला मारून तो निघूनही गेला.

वकीलबाईंचं बोलणं कवळीबाईने जसंच्या तसं पुतण्याला ऐकवलं. अडखळली, मध्येच आवाज फाटला, पण थांबली नाही. पुतण्याचा चेहरा उतरला. तो मटकन पायरीवर बसला.

"माझाही करार संपला होता," तो म्हणाला. "मालक म्हणाला निघा, आम्ही निघालो. बायको पोटुशी आहे. सासुरवाडीत एका खोलीत राहतोय. मला कुठे माहीत होतं, नाही म्हणता येतं ते?"

"आणि म्हणून तेच माझ्यावर?"

तिला त्याची कीव आली आणि रागही तसाच राहिला. संध्याकाळी त्याने स्वतः येऊन नवं कुलूप बसवलं आणि सगळ्या किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या. पुढे वकीलबाईंच्या समोर बसून दोघांनी बाळ होईपर्यंतची मुदत लिहून घेतली.

ती मुदतही जागा शोधताना काही सुखाने गेली नाही. कुठल्या मालकाला तिच्या कामातली प्लॅस्टरची धूळ नको, तर कुणाला म्हातारा माणूस नको. पुतण्याच्या बायकोचे दिवस भरत आले तशी कवळीबाईची झोप उडाली. अखेर छापखान्यामागे तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. निघायच्या दिवशी पुतण्याने जमिनीवरचे प्लॅस्टरचे डाग वाकून वाकून पाहिले, तोंड उघडलं, आणि मग नुसतंच म्हणाला, "जपून न्या सामान."

नव्या घरमालकाने खिडकी दाखवली, मोरी दाखवली. कवळीबाई उंबऱ्यातच उभी होती.

"खोल्या सोडायला सांगायचं असेल, तर करार संपायच्या किती आधी सांगाल?" तिने विचारलं.

"अहो बाई, आधी राहायला तर या!" तो हसला.

ती हसली नाही. तेवढं करारात लिहिलं गेल्यावरच तिने सासऱ्यांना हात देऊन आत घेतलं.