नोरीनचे हात

नोरीन ओल्ड्रॉइडच्या हातांना आवर म्हणून नव्हता. ती माझ्या हाताखाली होती तेव्हापासून बघतेय मी. इंग्लंडातल्या बॅटली गावच्या आमच्या प्राथमिक शाळेत मी मुख्य स्वयंपाकीण आणि ती वाढपीण. पोर ताट घेऊन पुढे आलं की हिने त्याचा मासा कापलाच, बटाटा कुस्करलाच, वर नाकही पुसलं. मी ओरडायचे, "अगं बाई, रांग दारापर्यंत गेलीय! त्याचं लग्न लावून देतेयस का?" तर म्हणायची, "एवढुसं तर लेकरू आहे गं, डॉट."

पन्नाशी उलटल्यावर या बाईच्या डोक्यात आलं, की वर्गात शिक्षिकेची मदतनीस व्हायचं. आधी शिकाऊ म्हणून राबायचं आणि शेवटी परीक्षा. ही परीक्षा पेपर लिहून होत नाही. बाहेरगावचा एक परीक्षक येतो, वर्गात कोपऱ्यात बसून तुमचं काम बघतो, मग प्रश्न विचारतो, मग तुम्ही जमवलेल्या फायलीबद्दल तुमच्याशी बोलतो. पास झाली तर नोरीन मिस आर्मिटेजच्या दुसरीच्या वर्गात कायमची. नाही झाली तर ईस्टरच्या सुट्टीनंतर घरी. माझ्याकडची तिची जागा केव्हाच भरली होती. घरी तरी कोण होतं? नवरा गेलेला, पोरगा कॅनडात. "घरी बसले तर मी भिंतींची नाकं पुसेन," असं ती हसत म्हणायची, पण मला ते हसू काही खरं वाटायचं नाही.

आणि नेमकं तिच्या हातांपायीच सगळं अडलं होतं. मिस आर्मिटेज पोरगी तिच्या पोराच्या वयाची, पण शिस्तीची पक्की. रोज सांगायची, "नोरीन, तुम्ही करून देऊ नका. मुलाला करू द्या. परीक्षक सगळ्यात आधी तेच बघतो." नोरीन मान डोलवायची आणि मान डोलवता डोलवता कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधायची.

त्यात पदरात पडली सफिया लोरगत. चार भावांच्या पाठीवरची एकटीच मुलगी, सात वर्षांची, डोक्याने तल्लख. पण घरात हिला जमिनीवर पाय टेकवू देत असतील तर शपथ! कोटाची चेन लावायची, तर उभी राहायची. पेन्सिलीला टोक करायचं, तरी उभीच. "मिस, तुम्हीच करा ना," म्हणत डोळे असे मोठे करायची की माझ्यासारखी खडूस बाईसुद्धा पाघळावी. नोरीनचं तर काय, लोणीच.

परीक्षेचा दिवस उजाडला तो मार्चमधल्या कडाक्याच्या थंडीचा. धडा होता, जॅम सँडविच करायचं आणि ते कसं केलं ते पायरी पायरीने लिहायचं. पाव, जॅम आणि चांदीच्या कागदातल्या लोण्याच्या छोट्या वड्या घेऊन मला वर्गात बोलावलं होतं, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

परीक्षक मिस्टर पेनिंग्टन लेस्टरहून आलेले. लांबोडका चेहरा, त्यावर ना राग ना लोभ. मी आपुलकीने गरम गरम पुडिंग पुढे केलं तर म्हणतात, "आभारी आहे, पण नियमात बसत नाही."

"अहो, पुडिंग आहे ते! लाच द्यायची असती तर वर कस्टर्ड नसतं का ओतलं?"

त्यांनी पुडिंग माझ्याकडे परत सरकवलं. घरून आणलेलं कागदात गुंडाळलेलं सँडविच त्यांच्या बॅगेतून डोकावत होतं. मनात म्हटलं, खा मेल्या तुझं गारढोण!

आता खरी गंमत. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगितलं होतं, "आज मिसेस ओल्ड्रॉइडची परीक्षा आहे. सगळ्यांनी शहाण्यासारखं वागा." झालं! आमची पोरं सरकारी तपासणीला सरावलेली. गळ्यात पाहुण्याचा बिल्ला अडकवलेला माणूस कोपऱ्यात वही घेऊन बसला की हाताची घडी, तोंडावर बोट. एरवी जो वर्ग कोंबड्यांच्या खुराड्यासारखा कलकलतो, तो असा चिडीचूप, की मला घड्याळ ऐकू येत होतं.

कुणी हात वर करेना. कुणी अडेना, कुणी भांडेना. लोणी दगडासारखं होतं, कारण माझ्या स्वयंपाकघरातून लोणी थंडच निघतं, तो माझा नियम आहे. तर या शहाण्यांनी लोण्याचे खडे तसेच पावावर ठेवले, वर जॅम थापला आणि पुन्हा हाताची घडी. नोरीन बिचारी या टेबलावरून त्या टेबलावर. "काही मदत हवीय का, बाळा?" "नको, मिस. थँक यू, मिस." मिस आर्मिटेजचा चेहरा पांढराफटक. मदतच कुणाला नको, तर मदतनिसाचं काम बघणार काय? पेनिंग्टनसाहेबांचं पेन जागचं हलेना. शेजारच्या टेबलावरच्या टोबीला मी डोळा मारला, हळूच म्हटलं, "जॅम सांड की रे!" एरवी रोज सांडतो तो मेला. आज ताठ बसून राहिला.

सफियाच्या पुढे मात्र पाव तसाच होता.

तिने सुरी लोण्यात घातली, पावावर ओढली, पाव टर्रकन फाटला. दुसरा घेतला, तोही फाटला. मग तिने मान वर करून नोरीनकडे बघितलं. डोळे भरले. "मिस, तुम्हीच करा ना."

नोरीनचे दोन्ही हात पुढे आले. मी बघितले ना! बोटं सुरीपाशी पोचली होती. आणि मग ती तिथल्या त्या इवल्याशा खुर्चीवर मटकन बसली आणि दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली घालून दाबून धरले.

"लोणी घट्ट आहे," ती म्हणाली. "मग आता काय करूया?"

सफियाने सुरी तिच्याकडे सरकवली. नोरीनने ती तशीच राहू दिली. माझा इकडे जीव वरखाली. बाई, तुझी परीक्षा चाललीय आणि तू बसलीस काय! कर ना काहीतरी! मी दात खाऊन पुटपुटले, "ऊठ, नोरीन!" तिने मान वळवली नाही. सफियाचे अश्रू गालावर आले. नोरीनची मान लाल झाली, खांदे कापत होते, पण हात खालीच. मला वाटलं, गेली ही. ईस्टरनंतर घरी.

मग सफियाने बाहीला नाक पुसलं. स्वतःच्या! इकडे तिकडे बघितलं. उठली, लोण्याची नवी वडी घेतली आणि जाऊन खिडकीखालच्या, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर ठेवली. पाठीवर हात बांधून तिथे राखण करत उभी राहिली. परत आली ती मऊ लोणी घेऊन. जॅमने कोपरापर्यंत बरबटली, पण सँडविच झालं. वेडंवाकडं, एका बाजूला कलंडलेलं. ते दोन्ही हातांनी वर धरून ती ओरडली, "मी केलं! माझं मी केलं!"

हे ऐकलं आणि सगळ्यांचा शहाणपणा पार धुऊन गेला. "मिस, मलापण!" म्हणत अख्खा वर्ग रेडिएटरकडे धावला. वड्या वितळल्या, लोणी ओघळलं, टोबी त्यावरून घसरला आणि जाताना जॅमची बरणी घेऊन गेला. आता उठली नोरीन! टोबीला उभं केलं, रांग लावली, पुसायला फडकं ज्याचं त्याच्या हातात दिलं आणि विचारत सुटली, "हं, मग कागदावर पहिली पायरी काय लिहायची?" सगळे एका सुरात, "लोणी गरम करा!" पेनिंग्टनसाहेबांचं पेन पळत होतं. त्यांच्या बुटावर जॅम पडला होता. बरं झालं.

प्रश्नोत्तरं माझ्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत झाली. मधल्या खिडकीची फळी नीट लागत नाही, त्याला मी काय करणार? साहेबांनी विचारलं, "ती मुलगी रडत होती आणि तुम्ही बराच वेळ काहीच करत नव्हता. का?"

"काहीच करत नव्हते?" नोरीन म्हणाली. "साहेब, एवढी मेहनत मी जन्मात केली नाही. अजून मुंग्या येताहेत हातांना."

"पण का?"

नोरीन म्हणाली, "पुढच्या वर्षी ती तिसरीत जाईल. तिथे मी नसेन. भूक तर तिला तिथेही लागणार ना."

साहेबांनी नुसतं "हं" केलं. निकाल तोंडावर सांगायचा नाही, हाही त्यांचा एक नियम.

निकाल आला तो ईस्टरच्या तोंडावर, फोनवर मेलने. नोरीन धावत माझ्याकडे आली, फोन माझ्या अंगावर ढकलत म्हणाली, "डॉट, तू उघड गं. माझ्याच्याने नाही होत."

मी फोन घेणार होते. मग काय वाटलं कोण जाणे, बटाट्याच्या क्रेटवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"मेल आलाय," मी म्हटलं. "मग आता काय करूया?"

"अगं मेले!" नोरीन किंचाळली. मला असल्या शिव्या हासडल्या की भिंतीमागे मुलं नव्हती हे नशीब. मी ढिम्म हलले नाही. शेवटी तिने स्वतःच उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. नुसती पास नव्हती ती. सगळ्यात वरचा दर्जा मिळाला होता. मग जी रडायला लागली ती थांबेचना.

मला राहवेना. मी एप्रनचं टोक घेऊन उठले, तिच्या नाकाशी नेलं.

तिने माझा हात बाजूला सारला. "राहू दे," म्हणाली. "माझं मी पुसते."